आपण कोणते झाइस?

मराठी माणसाला नवा माणूस भेटला की तो आडनाव विचारतो, आणि आडनाव कळल्यावर खरी चौकशी सुरू होते. जोशी? कोणते जोशी? कोकणातले की देशावरचे? वाईला एक जोशी होते, ते तुमचे कोण? या ओघात समोरचा माणूस करतो काय, हे विचारायचं राहून जातं, कधीकधी जन्मभर. जुन्या मायक्रोस्कोपच्या हौशी मालकांची जगभर हीच रीत आहे. कुठल्याशा प्रयोगशाळेतून निर्लेखित झालेलं, लिलावातून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून जेवणाच्या टेबलावर आलेलं वीस किलोंचं धूड समोर बसलेलं असतं. दिवा वर, भिंगं खाली, डोळे लावायची जागा मध्येच कुठेतरी. शाळेतल्या मायक्रोस्कोपने शीर्षासन घालावं आणि कुणीतरी त्याला तसंच ओतीव लोखंडात ओतून ठेवावं, असं ते दिसतं. त्याच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने जाड डेडस्टॉक नंबर घातलेला असतो, आणि तो घालणाऱ्याने नेमकी कंपनीच्या नावाचीच जागा निवडलेली असते. मालक टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो रंग खरवडत बसतो, कारण त्याला आधी आडनाव हवं असतं. माझं म्हणणं असं की हा रंग आणखी महिनाभर तसाच राहिला तरी चालेल. उलट्या मायक्रोस्कोपला ‘तू कुणाचा?’ हे सर्वांत शेवटी विचारावं. आधी विचारायचं ते ‘तू आजवर काय बघत होतास?’ याचं उत्तर यंत्राच्या अंगावरच लिहिलेलं असतं, आणि ते वाचता आलं की यंत्र ओळखताही येतं आणि चालवताही येतं.

मुळात हे शीर्षासन कशासाठी? जॉन लॉरेन्स स्मिथ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये असा मायक्रोस्कोप काढला. काचेच्या ताटलीत आम्ल घालायचं, ती तापवायची आणि स्फटिक कसे धरतात ते पाहायचं, असं त्याचं काम. भिंग ताटलीच्या वर असेल तर वाफा सरळ त्यावर. चष्मेवाला उकळत्या चहावर वाकला की त्याचं जे होतं, तेच. फक्त चहात आम्ल नसतं. स्मिथने भिंग ताटलीखाली नेलं, खाली आलेला प्रकाश प्रिझमने वळवून डोळ्याकडे आणला, आणि पॅरिसच्या नाशे यांच्या कारखान्याने ते यंत्र घडवलं. पुढे १८९७ च्या सुमारास ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हीच युक्ती धातूंसाठी वापरली. पोलादाचा तुकडा सरळ मायक्रोस्कोपखाली पाहायचा तर त्याचा माथा आणि बूड अगदी समांतर घासावं लागतं, नाहीतर एका कडेला फोकस आणि दुसऱ्या कडेला धुकं. उलट्यावर एकच बाजू घासून चकचकीत करायची आणि तुकडा तोंडावर पालथा घालायचा. पाठ कितीही खडबडीत असली तरी कुणी विचारत नाही. तिसरे आले जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात, आणि वरून पाहायचं तर मध्ये बोटभर द्रव येतो. जर्मनीत उटरम्योल यांनी १९३१ मध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव मोजायची रीत घालून दिली, तीही यावरच उभी आहे: पाण्याच्या नमुन्यात आयोडीन घाला, नळकांड्यात भरा, सगळं तळाशी बसू द्या, मग खालून मोजा. धंदे तीन, पण पाहण्यासारखं जे आहे ते तळाशी, ही गोष्ट तिघांचीही. म्हणून यंत्र ओळखताना पहिली विचारपूस या तळाची करायची. हा तळ पोलादाचा, की पाण्याचा?

याउलट नावाची साक्ष किती कच्ची असते ते पाहा. झाइस हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं घराणं, १८४६ मध्ये जर्मनीतल्या येना गावी सुरू झालेलं. १९४५ मध्ये महायुद्ध संपताना अमेरिकन सैन्याने येनातल्या निवडक तज्ज्ञांना पश्चिमेकडे हलवलं, त्यांनी ओबरकोखेनला नवा संसार थाटला, आणि मग येना रशियनांकडे गेलं. एका घरात दोन चुली झाल्या आणि दोन्ही चुलींवर पाटी एकच. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं, देशोदेशी चालल्या. आपल्याकडे दोन भाऊ दोन रस्त्यांवर एकाच नावाची मिठाईची दुकानं काढतात आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’ असं दोघेही लिहितात, तसाच प्रकार. त्यामुळे यंत्रावर ‘झाइस’ सापडल्याचा आनंद क्षणभरच टिकतो. लगेच ‘आपण कोणते झाइस, येनाचे की ओबरकोखेनचे?’ इथून पुढची चौकशी. वेत्स्लारचे लाइट्स आणि स्वित्झर्लंडमधल्या हेअरब्रुगचे विल्ड ही दोन स्वतंत्र, स्वाभिमानी घराणी. १९८७ मध्ये त्यांचं एकत्र कुटुंब झालं, १९९० मध्ये आणखी गोतावळा आला आणि सगळ्यांनी लायका हे आडनाव लावलं. जपानच्या निप्पॉन कोगाकूने कंपनीचं नाव निकॉन केलं ते १९८८ मध्ये. ऑलिम्पस तर १९१९ पासूनचं घर; त्यांचा मायक्रोस्कोपचा धंदा २०२२ मध्ये एव्हिडंट नावाने वेगळा झाला. लग्नात सुनांची नावं बदलायची, इथे खुद्द सासऱ्यांची बदललेली आहेत. आणि हे सगळं झालं नुसत्या धडाबद्दल. खालच्या फिरत्या चकतीवर कोणती भिंगं बसवली आहेत, त्याचा पाठीवरच्या नावाशी संबंध असेलच असं नाही. तीस वर्षांत चार प्रयोगशाळा-सहायकांनी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यात पिळून बसवलेलं असतं.

मग वाचायचं काय? आधी दिव्याची जागा. खांबावर वर दिवा, त्याखाली कंडेन्सर, म्हणजे प्रकाश वस्तूवर एकवटणारं भिंग, आणि मधे वीतभर मोकळी जागा असेल, तर यंत्र पाण्यातल्या जिवांचं: प्रकाश वरून येणार, बशीतून आरपार जाणार, खालच्या भिंगात शिरणार. वर काहीच नसेल, मधोमध भोक असलेली जाड लोखंडी चकती असेल आणि दिव्याचं नळकांडं पाठीमागे खाली लोंबत असेल, तर ते धातूचं. त्यात प्रकाश भिंगातूनच वर जातो, चकचकीत धातूवर आपटतो आणि त्याच भिंगातून परत येतो. हौशी लोकांच्या निम्म्या शोकांतिका या एका फरकातून येतात. धातूच्या यंत्रावर तळ्याचं पाणी ठेवलं की भिंगातून वर गेलेला प्रकाश परत आणणारं तिथे कुणी नसतं. बशीच्या काचेवरून थोडीशी चमक परतते आणि दिसतं फक्त पांढुरकं धुकं. मालक समजतो यंत्र बिघडलं. यंत्र बिचारं पोलाद शोधत असतं. यावर उपाय हास्यास्पद सोपा आहे: काचेचा पेला बशीवर पालथा घालायचा, त्यावर फोन ठेवून टॉर्च लावायचा. धातूचा मायक्रोस्कोप निदान कमी वर्धनाला तरी मुकाट्याने जीवशास्त्र करू लागतो. आणि तसंही, दाढीचं पातं नाहीतर खिशातलं नाणं त्यावर पालथं घालून पाहिलं, तर तळं दिसलं नाही याचं दुःख फार वेळ टिकत नाही. गुळगुळीत वाटणाऱ्या पात्याच्या धारेवर पावसाळ्यातला घाटरस्ता सापडतो.

दुसरा मजकूर भिंगांवर कोरलेला असतो, आणि ही यंत्राची खरी पत्रिका. डोळ्याला लावायचा आयपीस काढून उलटा धरला की तो उत्तम वाचनभिंग होतो. त्यातून वस्तूकडच्या भिंगाची, म्हणजे ऑब्जेक्टिव्हची, पोटावरची अक्षरं वाचावीत. समजा लिहिलं आहे ४०/०.५५ आणि त्याखाली १६०/१.२. चाळीस म्हणजे वर्धन, तेच सगळे वाचतात आणि तिथेच थांबतात. ०.५५ म्हणजे भिंग किती रुंद शंकूतून प्रकाश गोळा करतं त्याचं माप. बारीक तपशील दिसणार की नाही हे यावर ठरतं, वर्धनावर नाही. १६० म्हणजे ज्या नळीसाठी भिंग घडवलं तिची लांबी, मिलिमीटरमध्ये. जुन्या लाइट्सवर तिथे १७० असतं, निकॉनच्या धातूवाल्या भिंगांवर २१०, आणि कुठे आकड्याऐवजी आडवा पडलेला इंग्रजी आठ, म्हणजे अनंत. शेवटचा आकडा सर्वांत बोलका: भिंग आणि वस्तू यांच्यामध्ये किती जाड काच असावी. ०.१७ असेल तर भिंग सरळ मायक्रोस्कोपवरून, कव्हरस्लिपच्या घरातून आलेलं. १.२ असेल तर ते जन्माने उलटं, बशीच्या बुडातून पाहण्यासाठीच घडवलेलं. शून्य असेल तर त्याला मध्ये काचच नको, ते पोलादाचं. अक्षरं हिरवी असतील आणि ‘पीएच’ किंवा ‘फेको’ असं काही दिसलं, तर आत फेज कॉन्ट्रास्टचं, म्हणजे पारदर्शक पेशी उठून दिसाव्यात यासाठीचं, कडं आहे. याच शोधासाठी झेर्निके यांना १९५३ चं नोबेल मिळालं. एक पैसा न देता या चार-पाच आकड्यांतून यंत्राचा पूर्वेतिहास कळतो. टर्पेंटाइन लागत नाही.

पत्रिका म्हटली की जुळवणी आली, आणि इथे एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ऑब्जेक्टिव्हच्या आट्यांचं एकच माप ठरवून दिलं. ते अजून पुष्कळ ठिकाणी चालतं, आणि त्यात दर इंचाला आटे असतात बरोबर ३६. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात! कोणाचंही भिंग कोणाच्याही चकतीत लोण्यासारखं फिरत बसतं आणि मालकाला वाटतं स्थळ ठरलं. पण आटे जुळले म्हणजे संसार जुळला असं नाही. अनंताचं भिंग १६० च्या नळीवर चढवलं की चित्र धूसर येतं किंवा फोकस भलत्याच ठिकाणी सापडतो. पुष्कळ जुन्या कंपन्यांनी भिंगात रंगाचा थोडा दोष मुद्दाम ठेवून तो निस्तरायचं काम आयपीसवर सोपवलं होतं. निकॉनने पुढे भिंगातच सगळं निस्तरलं. एकाचं भिंग आणि दुसऱ्याचा आयपीस यांची गाठ बांधली की चित्राच्या कडेला प्रत्येक वस्तूला तांबड्या-निळ्या किनारी येतात. बघणारा म्हणतो, वा, काय रंग! ते रंग म्हणजे दोन घराण्यांचं भांडण असतं. देवनागरीत ३६ लिहून पाहा: तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात.

यावर जाणकार म्हणतील, नावाला इतकं हिणवायचं कारण नाही. सुटे भाग शोधायचे, दिव्याचा बल्ब मागवायचा, माहितीपुस्तक मिळवायचं, तर नाव लागतंच. अगदी मान्य. नावाला माझा विरोध नाही, त्याच्या क्रमाला आहे. शिवाय कंपनीच्या नावापेक्षा यंत्राचं पाळण्यातलं नाव कितीतरी प्रामाणिक असतं. निकॉनचा ‘डायाफोट’ आणि निकॉनचाच ‘एपिफोट’, दोघे सख्खे भाऊ, दोघेही उलटे. ग्रीकमध्ये ‘डाया’ म्हणजे आरपार आणि ‘एपि’ म्हणजे वर. पहिला प्रकाश आरपार नेतो, म्हणजे पाण्याचा; दुसरा वस्तूच्या पृष्ठभागावर टाकतो, म्हणजे धातूचा. लाइट्सच्या ‘डायव्हर्ट’मध्ये तर ‘आरपार’ आणि ‘उलटा’ दोन्ही कोंबलेले आहेत. आडनाव एकच असलेले हे दोन निकॉन घरात काय काम करणार, ते आडनावावरून कळत नाही, पाळण्यातल्या नावावरून कळतं. म्हणजे नावसुद्धा उपयोगी पडतं ते ‘काय बघत होतास?’ याचं उत्तर देतं तेव्हाच.

याहून वजनदार आक्षेप असा, की हौशी माणसाला उलटा मायक्रोस्कोप हवाच कशाला? अंबाल्यात बनलेला साधा सरळ मायक्रोस्कोप याच्या दशांश जागेत मावतो आणि जास्त बारीक दाखवतो. यातलं दुसरं विधान खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उलट्याचा कंडेन्सर वीतभर वर राहतो, त्यामुळे प्रकाशाचा शंकू अरुंद. जुन्या यंत्रात त्याचं माप जेमतेम ०.३. त्याला ०.४ चं भिंग जोडलं तर वेगळे ओळखू येणारे दोन ठिपके एकमेकांपासून साधारण एक मायक्रॉन तरी दूर हवेत. सरळ यंत्र तेल घालून याच्या तिप्पट-चौपट बारीक जातं. ज्याला जिवाणूंची शेपटी मोजायची आहे त्याने उलट्याच्या वाटेला जाऊ नये. पण हौशी माणसाला मोजायचं काय असतं? त्याला कुणी अहवाल मागितलेला नसतो. त्याला पाहायचा असतो तो तळ्यातला बाजार, आणि त्या बाजारात पॅरामेशियमच एक चतुर्थांश मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे २५० मायक्रॉन. सरळ मायक्रोस्कोपचं चाळीसचं भिंग वस्तूच्या अर्ध्या मिलिमीटरवर येतं, म्हणून पाण्याचा एक थेंब घेऊन त्यावर काच दाबावी लागते. त्या क्षणी बाजाराची प्रेसखालची पापडाची लाटी होते. जो पळू शकतो तो कडेला पळतो, जो नाही तो चपटा होतो, आणि दहा मिनिटांत थेंब वाळतो. उलट्यावर आख्खी बशी ठेवा, शेवाळ, काडीकचरा, गाळ यांच्यासकट. अमिबा तळावरून रांगतो, आणि तळच तर आपल्याकडे तोंड करून आहे. तोच अमिबा उद्या, परवा, आठवड्याने पाहता येतो, ओळख वाढते. तयार स्लाइड पाहायच्या असल्या तरी निसर्गाने नाही तर काच-कारखान्यांनी एक कृपा केलेली आहे: स्लाइडची काच साधारण एक मिलिमीटर जाड असते. १.२ च्या भिंगाला ती जवळजवळ नेमकी मानवते, स्लाइड सरळ ठेवून तिच्या बुडातून पाहावं. भिंग ०.१७ चं असेल तर स्लाइड पालथी घालायची. इथेही पाठीवर काय लिहिलंय याचा उपयोग शून्य. शेवटचा आकडा वाचला की कळतं. बशी मात्र खरी हवी. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण या कामी वापरायचा मोह मराठी घरात अटळ आहे, पण दुधी प्लास्टिकमधून श्रीखंडसुद्धा नीट दिसत नाही, तिथे अमिबा काय दिसणार.

उलट्याच्या दोषांतही एक असा आहे जो कंपनी पाहून कळत नाही, वापरूनच कळतो. सरळ यंत्राचं भिंग खाली मान घालून बसतं; उलट्याचं आभाळाकडे आ वासून. बशीतून सांडलेला प्रत्येक थेंब, प्रत्येक धूळकण, टेबलावरून उडालेली हळद, सगळं त्या तोंडात. समुद्राचं पाणी असेल तर मीठ बसतं आणि धातू खातं. त्यात कोकण, मुंबई, गोवा इथला पावसाळा म्हणजे भिंगांना बुरशी लागण्याचा हंगाम. बुरशीचे धागे दोन काचांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. नव्या मालकाला पहिला सजीव बहुधा हाच सापडतो, आणि कितीही फोकस फिरवला तरी तो स्पष्ट होत नाही, कारण तो बशीत नसून घरात आहे. घाण कुठे आहे हे शोधायची पद्धत जुनी आणि बिनखर्ची: आयपीस बोटांनी फिरवा, डाग बरोबर फिरला तर आयपीसमध्ये, बशी सरकवा, डाग सरकला तर बशीत, चकती फिरवून भिंग बदला, डाग गेला तर त्या भिंगात, कशानेही हलला नाही तर आत कुठल्या तरी आरशावर किंवा प्रिझमवर, आणि तिथे हात घालण्याआधी दोन दिवस विचार करावा. घट्ट झालेलं फोकसचं चाक जोर लावून फिरवू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा आता डिंक झालेला असतो. आणि अमेरिकेतून आलेलं यंत्र सरळ आपल्या भिंतीत खुपसू नये. तिथली वीज ११० व्होल्टच्या आसपास, आपली २३०. ट्रान्सफॉर्मरच्या धुराला मात्र कुठलंही आडनाव नसतं.

राहता राहिला घरच्यांचा आक्षेप: हे टेबलावरून कधी उठणार? याला तर्काने उत्तर नाही. उलटं यंत्र जागेवरून हलवणं म्हणजे गणपती विसर्जनाला नेण्यासारखं, चार माणसं आणि थोडा आरडाओरडा लागतो, म्हणून ते जिथे बसलं तिथेच राहतं. त्यावर ठेवलेल्या बशीत व्हॉर्टिसेला असतील तर ते एकेका देठावर उभे असतात, उलट्या घंटेसारखे, काठावरच्या केसांनी पाणी ढवळत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणी ताट आपटलं की सगळे देठ एका झटक्यात स्प्रिंगसारखे आवळतात आणि घंटा तळाशी जाऊन बसतात. मग हळूहळू, एकेक वेढा सुटत, पुन्हा वर येतात. शेवटची घंटा पूर्ण उघडते न उघडते तोच लोणच्याची बरणी येते.